फुप्फुसाच्या अस्तरपेशी आणि प्रथिने : वाद मार्गाचा

वायुकोशात (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशवीत) असलेले प्रथिन रक्ताकडे पेशीच्या आतून, पुटिकांत म्हणजे पडद्याच्या इवल्या पिशव्यांत बसून जाते, की दोन पेशींमधल्या सांध्यांतून, हा इथला वाद. मुळात वायुकोशाच्या भिंतीवर पेशींचे सलग अस्तर असते की नाही, यावर १९५०च्या दशकापर्यंत एकमत नव्हते. १९५२-५३मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते निर्विवाद दाखवले. पुढे अस्तरातल्या पातळ, पसरट ‘टाइप वन’ पेशींच्या पडद्यावर बाटलीच्या आकाराचे असंख्य खळगे, म्हणजे कॅव्हिओली, दिसले. खळगे आहेत म्हणजे प्रथिने त्यांतूनच पलीकडे जातात, असे अनेकांनी गृहीत धरले. दिसणे आणि वाहणे यांतला हा फरक पुढे फार महागात पडला.

प्राण्यांच्या फुप्फुसात द्रव सोडून मोजले, तर पाणी काही तासांत निघून जाते; अल्ब्युमिन हे रक्तातले मोठे प्रथिन मात्र तासाला १-२ टक्क्यांच्या आसपासच कमी होते. इतक्या मंद गतीमुळेच गोंधळ वाढला. पेशींच्या सांध्यांतून किंचित गळती झाली, तरी तिचा आकडा खऱ्या वहनाइतकाच भरतो.

यात सर्वांत जास्त नुकसान केले ते पेशींच्या निवडीने. १९७०च्या दशकात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठीपासून तयार केलेली ए५४९ ही पेशीमालिका स्वस्त, टिकाऊ आणि सहज वाढणारी. म्हणून तीच ‘वायुकोशाची पेशी’ म्हणून सर्रास वापरली गेली. पेशींनी प्रथिन आत घेतले का, एवढेच पाहायचे असेल तर ती चालते. पण प्रथिन पलीकडे गेले का, हे तिच्यावरून ठरवणे चूक आहे. तिच्यात टाइट जंक्शन, म्हणजे पेशींमधले घट्ट सांधे, नीट बनत नाहीत. गाळणीवर वाढवली तरी विद्युतरोध (सांधे किती घट्ट आहेत याचे माप) सहसा २०० ओहम-चौ.सेंमी.च्या खालीच राहतो. उंदराच्या फुप्फुसातून वेगळ्या केलेल्या टाइप टू (अस्तरातल्या दुसऱ्या, जाडसर प्रकारच्या) पेशी गाळणीवर दाट पेरल्या, तर पाचेक दिवसांत त्या टाइप वनसारख्या पसरतात आणि रोध १०००च्या वर जातो. दर खेपेला ताज्या पेशी काढाव्या लागतात, म्हणून लोक त्या टाळतात.

प्रयोगातही खाचा आहेत. ४ अंश सेल्सिअसला पुटिकांचे वहन थांबते, पण गळती पूर्ण थांबत नाही. म्हणून ३७ आणि ४ अंशांचे आकडे शेजारी मांडावेच लागतात. पृष्ठभागाला चिकटलेले प्रथिन आम्लाने किंवा प्रोटिएझने (प्रथिने तोडणाऱ्या विकराने) धुतले नाही, तर तेही ‘आत घेतलेले’ म्हणून मोजले जाते. फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग जोडलेल्या अल्ब्युमिनचे तुकडे झाले तरी चमक तशीच मोजली जाते; पलीकडच्या द्रवात अखंड प्रथिन किती, हे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडने साका पाडून किंवा जेलवर तपासावे. कोलेस्टेरॉल काढून घेणाऱ्या सायक्लोडेक्स्ट्रिनने वहन थांबले की दोष कॅव्हिओलीच्या माथी मारतात. पण त्याने क्लॅथ्रिनचा मार्गही (पदार्थ पेशीत घेणारा दुसरा पुटिकांचा मार्ग) अडतो. एकाच अवरोधकावर (मार्ग अडवणाऱ्या रसायनावर) बेतलेला निष्कर्ष मला तरी पटत नाही.

कॅव्हिओली घडवणारे कॅव्हिओलिन-१ हे प्रथिन नसलेले उंदीर २००१मध्ये तयार झाले. कॅव्हिओली नाहीत, तरी ते जगले. पुढे मूत्रपिंडातला परिचित मेगॅलिन ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरचे, पदार्थ पकडणारे प्रथिन) वायुकोशातही अल्ब्युमिन उचलतो, असे दिसले. टीजीएफ-बीटा हा पेशींना संदेश देणारा रेणू वाढला की मेगॅलिन पृष्ठभागावरून कमी होतो. फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांत प्रथिने का रेंगाळतात, याचे एक चांगले उत्तर इथे मिळते. प्रतिपिंडे नेणारा एफसीआरएन ग्राही मात्र श्वासनलिकांच्या अस्तरात जास्त उपयोगी ठरला. २००४मध्ये माकडांना एफसी (प्रतिपिंडाचा, हा ग्राही पकडतो तो भाग) जोडलेले एरिथ्रोपोएटिन हे रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक हुंगवले, तेव्हा खोल श्वासापेक्षा उथळ श्वासाने, म्हणजे औषध श्वासनलिकांतच जास्त थांबते तेव्हा, ते जास्त शोषले गेले.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी. ते सुमारे ५.८ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाचे, म्हणजे अल्ब्युमिनच्या अकराव्या हिश्शाइतके. २००६मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळालेली, श्वासाने घ्यायची पहिली इन्सुलिन पावडर २००७मध्ये बाजारातून गेली. तिच्या १ मिलिग्रॅमच्या तीन पुड्या ३ मिलिग्रॅमच्या एका पुडीइतक्या नव्हत्या. तीन पुड्यांनी मात्रा जास्त होई. नंतरची पावडर अमेरिकेत २०१४मध्ये आली, आणि डिसेंबर २०२४मध्ये भारतातही तिला मान्यता मिळाली.  

मार्गाच्या वादात खरा पुरावा धूम्रपान करणाऱ्यांकडून आला. त्यांच्यात पहिल्या पावडरीचे इन्सुलिन २ ते ५ पट शोषले जाई, आणि म्हणूनच त्यांना ती वर्ज्य होती. धुराने पेशी प्रथिने जास्त उचलू लागतात, यापेक्षा सांधे सैल होतात हे स्पष्टीकरण जास्त सरळ आहे, आणि लहान प्रथिनांपुरते मी त्याच बाजूने झुकतो. अल्ब्युमिनसारख्या मोठ्या प्रथिनाला ते लागू करता येत नाही.