वय खोटं टाकलं म्हणून मुलाला अटक होत नाही

तेरा वर्षांखालच्या मुलाने चुकीची जन्मतारीख टाकून सोशल मीडियावर खातं उघडलं की तो गुन्हा ठरतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. तेराची अट प्रामुख्याने अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आली आणि तो कायदा बांधतो कंपन्यांना: पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलांची माहिती गोळा करायची नाही. मुलाला त्यात शिक्षाच नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांच्या खात्यांवर बंदी आणली. तिथेही दंड कंपन्यांनाच, मुलांना किंवा पालकांना नाही. नुसतं खोटं वय टाकणं म्हणजे कंपनीच्या अटींचा भंग. खातं बंद होतं. त्या खात्यावरून कुणाला फसवलं, लुबाडलं, तर ती गोष्ट अर्थातच वेगळी.

ही अफवा मला घातक वाटते. एखादा मोठा माणूस फोटोंवरून धमकावत असतो आणि मूल गप्प बसतं, कारण ‘तूच वय खोटं सांगितलंस, तूच अडकशील’ असं त्याला ऐकवलेलं असतं. धमकावणाऱ्याचा गुन्हा त्या खोट्या वयाने पुसला जात नाही. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, घरी सांगा आणि बेधडक तक्रार करा.