हजार पुरुषांमागे ११२२ बायका

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. मुंबई शहर जिल्ह्यात हेच प्रमाण ८३२ होतं. पहिला आकडा वाचून कुणी कोकणाची पाठ थोपटायला निघालं असेल तर जरा थांबावं. शून्य ते सहा वर्षांची मुलंच तेवढी मोजली, तर रत्नागिरीतही मुलगे मुलींपेक्षा जास्त आहेत. प्रमाण फिरतं ते पुढे, पोरगे कमावते झाले आणि मुंबईला गेले की.

जिल्ह्याच्या लोकसंख्येचा हिशोब सोपा असतो: जन्मलेले आणि आलेले जमेला, मेलेले आणि गेलेले वजा. जन्म-मृत्यूची नोंद निदान होते तरी. पण कोण गाव सोडून गेलं, हे लिहून ठेवणारं खातं आपल्याकडे नाही. जनगणनेत जन्मठिकाण आणि आधीचं राहण्याचं ठिकाण विचारतात, पण त्या कोष्टकात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचीच गर्दी फार. २०११मध्ये देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले गेले, त्यांत दोन तृतीयांश स्त्रिया. रोजगारासाठी गेलेला माणूस त्या गर्दीत सहज हरवतो. म्हणून स्त्री-पुरुष प्रमाणासारखा आडवाटेचा माग काढावा लागतो.

रत्नागिरीचा माग थेट गिरणगावात पोचतो. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६मध्ये सुरू झाली. कोकणात डोंगरउताराची तुटपुंजी जमीन आणि पावसावरचं भाताचं एक पीक, त्यात घरं चालणं कठीण. बोटीनं मुंबई जवळ. पुरुष एकटा जायचा, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि गावी मनीऑर्डर करायचा. लावणी-कापणी, गुरं, म्हातारी माणसं हे सगळं बाईच्या अंगावर. मुंबईचा पगार एका पोटाला पुरून उरायचा, आख्ख्या बिऱ्हाडाला पुरेलच असं नव्हतं. कुटुंब दोन ठिकाणी वाटण्यामागे हा रोकडा हिशोब होता. लोक याला कोकणी माणसाची गावाची ओढ म्हणतात, ते मला अर्धंच पटतं.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि ही घडी मोडली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर आली. त्याच काळात ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होतं) ८१ लाखांवरून ११० लाखांवर गेला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार इथे वन रूम किचन घेता येत होतं, आणि घर झालं की बायको-मुलंही येतात. रत्नागिरीची लोकसंख्या याच दशकात जवळपास ८२ हजारांनी घटली, सिंधुदुर्गचीही कमी झाली. रत्नागिरीतलं स्त्रियांचं प्रमाणही ११३६वरून ११२२वर उतरलं. माझ्या मते हा उतार किरकोळ नाही: आता बायकाही निघाल्यात.

आणखी एक गोम आहे, मोजणीच्या महिन्याची. २०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. गणपतीला आणि मे महिन्यात कोकणातली बंद घरं उघडतात, वाड्या भरतात, मे महिन्यात तर विहिरीही तळाला जातात. पण चाकरमानी मोजला जातो डोंबिवलीत.

बीडचे ऊसतोड कामगार हंगामापुरतेच बाहेर असतात, तरी मोजले जातात तेही बाहेरच. फेब्रुवारीत गाळप हंगाम भरात असतो. जनगणनेचा नियम असा, की मोजणीच्या संपूर्ण काळात माणूस घरी नसेल, तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे बीडचं जोडपं पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्याच्या शिवारात, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) मोजलं जातं. मुकादमाच्या हिशोबात मात्र नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’. २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे पुन्हा हंगामातलीच.