‘हिताचे संकल्प’ : यिर्मयाच्या पत्रामागचा इतिहास

नव्या वर्षाचं कार्ड, चर्चचं कॅलेंडर, आजारी माणसाला पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश... बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 हे वचन हमखास भेटतं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं परमेश्वर त्यात सांगतो. संकटात ते कितीतरी जणांना धीर देतं. पण त्याच्या अगदी आधीच्या वचनात ‘सत्तर वर्षं’ असा आकडा आहे आणि तो कार्डावर कधी छापला जात नाही. मुळात हे एका पत्रातलं वाक्य. ते पत्र सगळ्यांना गोड लागलं नव्हतं.

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम घेतली. मंदिर शाबूत राहिलं. यहूदाचा राजा यहोयाखीन, त्याची आई, दरबारी आणि कारागीर, लोहार अशी कामाची माणसं मात्र कैदी होऊन बाबेलला गेली. गादीवर सिद्कीया बसला, तोही नबुखद्नेस्सरच्या मर्जीने. हे किती दिवस चालणार, हा प्रश्न मग दोन्हीकडे होता.

हनन्या नावाच्या संदेष्ट्याकडे उत्तर तयार होतं : दोन वर्षं. तेवढ्यात राजा परत येईल, मंदिरातून नेलेली पात्रंही येतील. यिर्मया तेव्हा बाबेलपुढे मान तुकवण्याची खूण म्हणून गळ्यात लाकडी जू घालून फिरत होता. मंदिरात सगळ्यांदेखत हनन्याने ते काढून मोडलं. यिर्मयाचे आधीचे शब्द मला फार मानवी वाटतात. ‘आमेन, परमेश्वर तसंच करो,’ असं तो म्हणाला होता. त्यालाही तेच हवं होतं, पण ते घडणार नाही हे त्याला कळत होतं.

बंदिवानांना त्याने लिहिलेलं पत्र सिद्कीयाचे दूत एलास आणि गमऱ्या यांच्या हाती गेलं. त्यात लवकर सुटकेचं आश्वासन नाही, सत्तर वर्षं थांबायचं आहे; आणि घरसंसाराच्या सूचना आहेत. घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, संख्या कमी होऊ देऊ नका. ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या कल्याणाची इच्छा धरा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीतच तुमची शांती आहे. शत्रूच्या राजधानीसाठी प्रार्थना! याच बंदिवासाच्या आठवणीतून आलेलं स्तोत्र 137 बाबेलच्या तान्ह्या मुलांना खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतं. दोन्ही आवाज बायबलमध्ये शेजारी राहिले, आणि ते बरंच झालं.

बाबेलहून शमाया नावाच्या माणसाने यरुशलेमच्या याजकाला उलट पत्र धाडलं : या वेड्याला खोड्यात का घालत नाही?

इतिहासाने मात्र यिर्मयाच्या बाजूने साक्ष दिली. बाबेलच्या उत्खननात मिळालेल्या आणि 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मातीच्या पाट्यांवर यहूदाच्या राजाला आणि त्याच्या मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. 2014 मध्ये आणखी शंभरावर पाट्या प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या बऱ्याच पाट्या ‘यहूदाचं गाव’ अशा नावाच्या वस्तीतल्या आहेत. सातूचं पीक, खजूर, करभरणा, देणीघेणी असा त्यांचा मजकूर. सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. 572 ची. म्हणजे लोकांनी खरोखरच मळे लावले होते.

दरम्यान सिद्कीयाने बंड केलं आणि इ.स.पू. 587 च्या सुमारास मंदिरही जळालं. परतीची वाट उघडली ती 539 मध्ये पारसाचा (इराणचा) राजा कोरेश (सायरस) याने बाबेल जिंकल्यावर. सत्तर वर्षं नेमकी कुठून मोजायची यावर अभ्यासकांचा वाद आहे, तो इथे नको. पत्र ऐकणारा जो तेव्हा चाळिशीचा होता, त्याला परतीचा दिवस दिसण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. यिर्मयालाही दिसला नाही. त्याला त्याच्याच लोकांनी इच्छेविरुद्ध मिसरला (इजिप्तला) नेलं.

ख्रिस्ती परंपरेने हे पत्र आपलं मानलं ते परकेपणाच्या नात्याने. नव्या करारातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना प्रवासी म्हटलं आहे आणि शेवटचा सलाम ‘बाबेल’हून आहे, बहुतेक अभ्यासक तिथे रोम असा अर्थ घेतात. पुढे इ.स. 410 मध्ये खुद्द रोम लुटलं गेलं. त्यानंतर ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने ‘देवाचं नगर’ हा ग्रंथ लिहायला घेतला आणि त्याच्या एकोणिसाव्या भागात यिर्मयाच्या याच पत्राचा आधार घेतला. आधारासाठी त्याने निवडली ती बाबेलसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा.