पेटीचा सूर गेला, की हवा?

गावातल्या मारुतीच्या देवळात किंवा भजन मंडळाकडे चाळीस-पन्नास वर्षांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, हमखास सापडते. भाता मारून हात भरून येतो, खर्जातले सूर बोलत नाहीत, दोन-चार पट्ट्या न दाबताच वाजतात. मग कुणीतरी सांगतं, सूर गेले, नवे टाका. हे निदान बहुधा चुकीचं असतं. पितळी सूर, म्हणजे खाचेवर बसवलेल्या, हवेने थरथरणाऱ्या जिभा, सहसा शाबूत असतात. झिजतात ते हवा धरून ठेवणारे भाग. म्हणून दुरुस्तीत आधी हवा, मग पट्ट्या, आणि सूर अगदी शेवटी.

मागचा भाता हाताने हलतो आणि आतल्या भात्यात हवा ढकलतो. आतला भाता स्प्रिंगांनी दाबलेला असतो, त्यामुळे हाताचे झटके सुरापर्यंत पोचत नाहीत. वरच्या फळीला खालून सूर बसवलेले, प्रत्येक सुरावर भोक, भोकावर पट्टीच्या मागच्या टोकाची चामडी गादी. पट्टी पुढून दाबली की गादी उचलते, हवेला वाट मिळते आणि जाताजाता ती पितळी जीभ थरथरवते. 42 पट्ट्या आणि सुरांच्या दोन ओळी म्हणजे 84 सूर. गळायला जागा भरपूर.

तपासणी सोपी आहे. सगळ्या खुंट्या (सुरांकडे जाणारी हवा उघड-बंद करणाऱ्या) बंद करून आतला भाता पूर्ण भरा आणि हात सोडा. पंधरा-वीस सेकंद तरी हवा टिकली पाहिजे. मग खुंट्या उघडून, पट्टी न दाबता, पुन्हा बघा. पहिल्याच वेळी भाता बसला तर दोष घड्यांत, कोपऱ्यांत किंवा झडपेत. खुंट्या उघडल्यावर बसला तर गाद्यांत किंवा फळीत. नेमकी जागा उदबत्ती दाखवते: पंखा बंद करा, धूर सांध्याजवळ धरा, जिथे तो फेकला जातो तिथे गळती.

फळीचं दुखणं आपल्या हवेचं आहे. वैशाखात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 अंशांपुढे जातो, लाकूड करकरीत वाळतं. श्रावणात तेच ओल पितं. सागवान इतर लाकडांच्या मानाने शांत, तरी 15 सेंमी रुंदीची फळी या दोन टोकांत 1 ते 2 मिमी आकसते-फुगते. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. अशी फळी चारही बाजूंनी सरस लावून जखडली की ती चिरते. चीर शेजारच्या दोन भोकांना जोडत असेल तर एक पट्टी दाबली की दुसरा सूरही कण्हतो. कूलरसमोर ठेवलेल्या पेटीचे हाल आणखी वाईट: एक बाजू ओली, दुसरी तापलेली, फळी वाकणारच.

म्हणून इथे जुनी रचनाच बदलावी. फळी एका कडेला पक्की आणि दुसऱ्या कडेला लांबट भोकांतल्या स्क्रूंवर बसवावी, खाली मऊ चामड्याची पट्टी द्यावी. चिरेत पुट्टी भरू नये. सागाचीच पाचर रेषा जुळवून सरसाने बसवावी. सागवान आलापल्लीचं असलं तरी घरात वर्षभर मुरलेलं हवं. जोडकाम दिवाळी ते होळीच्या दरम्यान करावं. भर पावसात घट्ट बसवलेला सांधा मे महिन्यात उघडतो.

गाद्यांचं फेल्ट कसर खाते, चामडं कडक होतं. कोमट ओल्या फडक्याने जुना सरस सैल होतो. नवं चामडं मेंढीचं, मऊ बाजू भोकाकडे, आणि सगळ्या गाद्या एकाच जाडीच्या; नाहीतर पट्ट्या वर-खाली दिसतात. रेक्झिन स्वस्त पडतं, पण टिनाच्या छपराखाली लवकर तडकतं. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून 60 अंशांच्या आसपास वितळवावा. उकळला की त्याची पकड जाते.

न बोलणाऱ्या सुरात बहुधा जीभ आणि खाच यांच्यामध्ये धुळीचा कण अडकलेला असतो. पातळ कागद सरकवून तो काढावा. चिंच किंवा लिंबू लावणं म्हणजे सूर हलवणं, कारण आम्ल पितळ खातं. जिभेचं टोक खाचेपासून किंचित उचललेलं असावं. फार खाली असेल तर जोरात भाता मारल्यावर सूर गुदमरतो, फार वर असेल तर नुसता फुसफुसतो.

सूर लावणं शेवटी, कारण ते जीभ घासूनच होतं. टोकाकडे घासलं की जीभ हलकी होते, सूर चढतो. मुळाशी घासलं की ताठपणा कमी होतो, सूर उतरतो. गळक्या पेटीतल्या कमी दाबावर लावलेला सूर गळती बुजवताच जागचा हलतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

मंडळ कायम काळी 1 मध्येच, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गात असेल तर आणखी एक बदल करता येतो. समान पट्टीत, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीत, 277.18 हर्ट्झच्या षड्जावर शुद्ध गंधार 349.23 येतो, गळ्याला रुचणारा, षड्जाच्या 5/4 पट असलेला गंधार 346.48. फरक पावणेतीन हर्ट्झचाच, पण षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे पाचपट आणि चौपट कंपनांचे सूर) एकमेकांवर आदळून सेकंदाला 11 लहरी उठतात. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दूर ठेवलं, त्यामागच्या तक्रारींत ही एक होती. दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट धरलं तर गंधार 14, धैवत 16 आणि निषाद 12 सेंट उतरवायचा, पंचम 2 चढवायचा. मात्र उद्या काळी 2 वरून गाणारा बुवा आला, तर त्याचा पंचम म्हणजे आपला उतरवलेला धैवत, खऱ्या पंचमाहून 18 सेंट खाली. तो कुणालाही खटकेल. पेटी पाहुण्या गायकांनाही द्यावी लागत असेल तर समान पट्टीच ठेवावी.