जॉब पाठवताना कोन कसा लिहायचा: डिग्री, मिनिट आणि रेडियन

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपला जे जॉब येतात, कंपन्यांचे असोत नाहीतर कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्टचे, त्यात लांबी-रुंदीचा घोळ फारसा नसतो, घोळ असतो तो कोनाचा. म्हणून हे पान काढलंय. विनंती एकच, कोनाच्या आकड्यापुढे युनिट लिहाच, दरवेळी.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे ड्रॉइंगवर नुसतं १२.३० लिहिलेलं असतं. आता हे १२ डिग्री ३० मिनिटं म्हणजे साडेबारा डिग्री समजायचं, का दशांशातलं १२.३? डिग्रीची मिनिटं ६०, त्यामुळे दशांशातले १२.३ म्हणजे १२°१८′ होतात. फरक १२ मिनिटांचा, ऐकायला किरकोळ वाटतो पण १०० मिमी लांबीच्या फेसवर टोकाला साधारण ०.३५ मिमी जातात, आणि फिटिंगचा जॉब असेल तर तो तिथेच रिजेक्ट. म्हणून १२°३०′ लिहा किंवा १२.५° लिहा, दोन्ही चालतं, पण अर्धवट नको.

आता रेडियन. मुलं याला उगाच घाबरतात. वर्तुळाच्या त्रिज्येएवढीच लांबी परिघावर मोजा, तेवढ्या कमानीचा मध्याशी जो कोन होतो तो १ रेडियन, म्हणजे ५७.२९५८ डिग्री. वर्तुळ लहान असो का मोठं, कोन तोच. पूर्ण फेरा ३६० डिग्री म्हणजे २ पाय (π) रेडियन, त्यामुळे डिग्रीला पायने गुणून १८० ने भागलं की रेडियन मिळतात. आपल्या आर्यभटाचं ‘ज्या’ म्हणजे साइनचं कोष्टक बघा, परीघ २१६०० कला (कला म्हणजे डिग्रीचं मिनिट) धरून त्रिज्या येते ३४३८ कला, आणि ५७.२९५८ गुणिले ६० केलं तर ३४३७.७५! पंधराशे वर्षांपूर्वीचं काम आहे हे, आम्हाला याचं फार अप्रूप वाटतं.

कामात फायदा कुठे होतो तर कमानीच्या लांबीला. पट्टी वाकवायची आहे, न्यूट्रल अ‍ॅक्सिसची (वाकवताना जी रेष ताणलीही जात नाही, दाबलीही जात नाही तिची) त्रिज्या १५० मिमी, कोन ४०°. चाळीसचे रेडियन ०.६९८, गुणिले १५०, झाले १०४.७ मिमी, तेवढा माल वाकात जाणार.

आणि एक्सेल वापरणाऱ्यांनी इथे खास लक्ष द्या. एक्सेलच्या साइन फंक्शनला रेडियनच कळतात, त्यात नुसतं ३० टाकलं तर उत्तर उणे ०.९८८ येतं, ०.५ नाही. आधी रेडियन्स फंक्शनने ३० चे रेडियन करून घ्या मग साइन लावा. २०० मिमीच्या साइन बारवर (कोन लावायची पट्टी, एक टोक उचलून कोन मिळतो) ३०° लावायचे तर टोकाखालच्या स्लिप गेजची (अचूक जाडीच्या ठोकळ्यांची) उंची बरोबर १०० मिमी यायला पाहिजे, एवढं एक गणित करून बघितलं तरी शीट बरोबर आहे का ते कळतं. कॅल्क्युलेटरवरही तेच, वर डिग्री मोड आहे का रेडियन ते आधी बघा, ग्रेडियन नावाचा तिसरा मोडही असतो, त्यात काटकोन १०० चा होतो.

आमचे मशीनचे प्रोग्राम डिग्रीतच चालतात. तुम्ही रेडियन दिले तर आम्ही बदलून घेऊ, त्याला काही हरकत नाही, फक्त दशांशानंतर चार-पाच आकडे द्या. ०.५२ रेडियन दिले तर २९.७९° होतात आणि तुम्हाला हवे असतात ३०°, त्यासाठी ०.५२३६ पाहिजे.

टेपर (निमुळता जॉब) असेल तर पूर्ण कोन दिलाय का अर्धा ते लिहा, कारण लेथवर कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी फिरवता येणारी स्लाइड) अर्ध्या कोनाला फिरवतात.

कोनाला टॉलरन्स (चालणारा फरक) दिलेला नसेल तर आम्ही आयएसओ २७६८ या स्टँडर्डचा मीडियम ग्रेड धरतो, म्हणजे कोनाची आखूड बाजू १० मिमीपर्यंत असेल तर अधिक-उणे १°, ५० पर्यंत ३०′, १२० पर्यंत २०′. यापेक्षा बारीक पाहिजे असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, मोजणी आणि रेट दोन्ही बदलतात.