ऑटोइम्यून थायरॉईड आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस

थायरॉईड ग्रंथीत ऑक्सिजनपासून बनणारे तापट रेणू (फ्री रॅडिकल्स, पेरॉक्साइड वगैरे) आणि त्यांना आवरणारी एन्झाइम्स यांचा तोल गेला की ग्रंथीच्याच पेशी, प्रथिनं, डीएनए यांना मार बसतो, त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हाशिमोटो (यात हार्मोन हळूहळू कमी पडत जातं) आणि ग्रेव्ह्ज (यात ते नको तेवढं वाढतं) या दोन्ही ऑटोइम्यून आजारांत (म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा) तो सापडतो. सांगली-मिरजेकडं या सगळ्याला सरसकट 'थायरॉईड आहे' एवढंच म्हणतात. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जननी चार बायकांच्या ग्रंथी तपासून १९१२ मध्ये हा आजार लिहून ठेवला, पण शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटीबॉडी करतं हे कळायला १९५६ उजाडलं.

गंमत अशी की हा पेरॉक्साइड बाहेरून येत नाही, प्रदूषण किंवा फवारणीच्या औषधांना लगेच दोष देऊ नका, थायरॉईड तो मुद्दाम स्वतः बनवते. ड्युऑक्स नावाची एन्झाइम्स हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि तो वापरून टीपीओ हे एन्झाइम आयोडीन थायरोग्लोब्युलिन या ग्रंथीतल्याच प्रथिनाला चिकटवतं, त्यातनंच पुढं टी३ आणि टी४ ही हार्मोन निघतात, म्हणजे पेरॉक्साइड नाही तर हार्मोन नाही. गुऱ्हाळावर जाळ लागतोच, फक्त तो चुलवाणात राहिला पाहिजे. तो आत ठेवायचं काम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज, कॅटालेज यांचं. यातल्या पहिल्या दोघांना सेलेनियम हे खनिज लागतं, आणि शरीरात दर ग्रॅममागं सगळ्यात जास्त सेलेनियम थायरॉईडमध्येच असतं ते उगाच नाही.

आवर सुटला की पेशी फुटतात, थायरोग्लोब्युलिनचे तुकडे पडतात, एरवी लपलेले भाग उघडे पडतात आणि इम्यून सिस्टीमला ते परके वाटू शकतात. मग लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ग्रंथीत घुसतात, तेही स्वतःचे फ्री रॅडिकल्स सोडतात, आणि चक्र सुरू. ग्रेव्ह्जमध्ये वाढलेल्या हार्मोनमुळं सगळ्या शरीराचाच मेटाबॉलिझम पळत असतो त्यामुळं तिथं स्ट्रेस रक्तातही दिसतो, औषधानं हार्मोन आटोक्यात आलं की तोही उतरतो. हाशिमोटोत मात्र आधी काय, स्ट्रेस की आजार, हा घोळ आहे, कारण हार्मोन कमी पडलं तरी कोलेस्टेरॉल वाढून स्ट्रेसचे हेच मार्कर (रक्तातली मापं) वर जातात, त्यामुळं नुसता रिपोर्ट बघून 'ह्याच्यामुळंच आजार झाला' असं कुणी सांगत असेल तर जरा दमानं घ्यावं.

सेलेनियमच्या गोळ्यांचं प्रकरण इथूनच आलं. २००२ मध्ये जर्मनीतल्या अभ्यासात रोज २०० मायक्रोग्रॅमनं टीपीओविरुद्धच्या अँटीबॉडी उतरल्या, लोक खूश झाले, पण नंतरच्या अभ्यासांत आकडा उतरला तरी थकवा कमी होतो किंवा थायरॉक्सिनची (कमी पडलेलं हार्मोन भरून काढणारी) गोळी सुटते असं काही ठामपणे दिसलं नाही. ग्रेव्ह्जमधल्या डोळ्यांच्या सौम्य त्रासात मात्र २०११ च्या युरोपातल्या चाचणीत सहा महिन्यांच्या सेलेनियमनं खरंच फरक पडला. आणि जास्त झालं तर केसच गळतात, नखं ठिसूळ होतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी गोळी सुरू केली तीच वाढायची.

आता हळद. सांगलीची हळद म्हणजे २०१८ चं जीआय मानांकन, हरिपूरची पेवं, मार्केट यार्डातले सौदे, त्यामुळं अँटिऑक्सिडंट (फ्री रॅडिकल्सना आवरणारा पदार्थ) म्हटलं की इथं दुसरं काही सुचतच नाही. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट आहे हे बरोबर, पण पोटातनं ते रक्तात फारच थोडं जातं आणि थायरॉईडचा आजार त्यानं हटतो याला भरवशाचा पुरावा नाही. भाजी-आमटीत घालतो तेवढी खुशाल खावी. एक्स्ट्रॅक्टच्या कॅप्सूलनं मात्र काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्याहून रोजची भानगड म्हणजे सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घेतली की पाठोपाठ हळदीचं दूध, दुधानं गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की तो वाढतो) चढतो आणि घरात चर्चा की आजार वाढला. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचं तर याहून वाईट, त्यात चार तासांचं अंतर पाहिजे.

आयोडीनचं दोन्हीकडनं आहे. फार झालं तर पेरॉक्साइडचा ताण वाढतो आणि जास्त आयोडीन चिकटलेलं थायरोग्लोब्युलिन इम्यून सिस्टीमला जास्त खुपतं. डेन्मार्कमध्ये २००० साली मिठात आयोडीन सक्तीचं केल्यावर अँटीबॉडी असलेले लोक वाढलेले दिसले. म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या नकोत, पण आयोडीनचं मीठ टाकून सैंधवावर जायचं हेही चूक, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर, कारण कमतरतेचा फटका बाळाच्या मेंदूला बसतो.

शेवटचं, केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवावं. काही मशीनवर त्यानं टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येतो, आणि हाशिमोटोच्या पेशंटचा कागद ग्रेव्ह्जसारखा दिसायला लागतो.