साताऱ्यावरची विमानं आलेखाच्या कागदावर

एसटीच्या पाटीवर ‘सातारा–कराड–पेठ नाका–आष्टा–सांगली’ एवढंच असतं. रस्ता कुठे वळतो, किती लांब आहे, हे पाटी सांगत नाही आणि प्रवाशाचं त्यावाचून अडतही नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने 1931 मध्ये याच हिशेबाने काढला. 1933 मध्ये तो लोकांच्या हाती आला. रेषा फक्त उभ्या, आडव्या आणि 45 अंशांत. अंतराला सरळ फाटा. विमानमार्गांनाही ही युक्ती चालते, पण जशीच्या तशी नाही.

खऱ्या नकाशावर मुंबई ते बंगळुरू विमानतळ अशी पट्टी ठेवली, तर रेषा जवळजवळ साताऱ्याच्या डोक्यावरून जाते आणि मिरजेच्या किंचित पूर्वेने पुढे सरकते. पुणे–गोवा (दाबोळी) रेषा साताऱ्याच्या पश्चिमेला दहाएक किलोमीटरवरून खाली उतरते. दोन्ही मेढ्याच्या आसपास एकमेकींना छेदतात. प्रत्यक्ष विमानं पाच अक्षरी नावांच्या वेपॉइंटवरून, म्हणजे आकाशातल्या ठरवून दिलेल्या बिंदूंवरून जातात आणि वारा-ढगांप्रमाणे थोडी सरकतात. आपल्याला जोडण्या दाखवायच्या आहेत, म्हणून पट्टीची रेषा पुरे.

आता आलेखाचा कागद घ्या. मुंबई डाव्या वरच्या कोपऱ्यात. बंगळुरूची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सुमारे 142 अंश, ती 135 धरा: 14 घरं उजवीकडे, 14 खाली. पहिली फसगत पुण्यापाशी होते. मुंबईहून पुणे साधारण 117 अंशांवर. जवळचा कोन बघितला तर तेही 135 वरच बसतं आणि बंगळुरूचं विमान पुण्याला थांबून जातंय असं दिसू लागतं. इथे नियम मोडायचा. पुणे मुंबईच्या सरळ उजवीकडे, 3 घरांवर. गोवा पुण्याच्या बरोबर खाली 12 घरं. मुंबई–गोवा मग सरळ राहत नाही: 9 घरं खाली, पुढे 3 घरं तिरकी. पुणे–बंगळुरू आधी 11 घरं तिरकी, मग 3 खाली. सातारा तिरक्या रेषेवर मुंबईपासून चौथ्या घराच्या कोपऱ्यावर येतो, छेदबिंदूच्या लगेच पुढे.

छेदबिंदूवर टिंब देऊ नका. रेल्वेच्या नकाशात टिंब म्हणजे गाडी बदलण्याची जागा. आकाशात तिथे कोणी भेटत नाही, भेटू नये म्हणूनच सगळी यंत्रणा आहे. खालची रेषा किंचित तोडा, पूल ओलांडल्यासारखी.

रेल्वेच्या नकाशात नसलेली गोष्ट म्हणजे उंची, आणि तिच्यासाठी रंग राखून ठेवा. पूर्वेकडच्या अर्ध्या दिशांना जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, म्हणजे 33,000, 35,000, 37,000 फूट. उलट दिशेची सम हजारांवर. बंगळुरूला जाणारी लाल, येणारी निळी. समोरासमोरच्या दोन विमानांत किमान 1,000 फूट राहतात. दोन रंग शेजारी-शेजारी काढले की बघणाऱ्याला दुपदरी हायवे वाटतो, हा या नकाशाचा खोटेपणाच आहे. खरं तर ते एकावर एक असतात.

नियंत्रक मात्र असल्या नकाशावर काम करत नाहीत. रडारवर एकाच उंचीवरच्या दोन विमानांत मार्गावर सहसा 5 नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर लागतात. ते मोजायला प्रमाण हवं, आणि प्रमाण तर आपण पहिल्याच ओळीत टाकून दिलं.

म्हणून रेषेवर आकडे लिहा. मुंबई–सातारा सरळ अंतर सुमारे 200 किलोमीटर, म्हणजे 105 ते 110 नॉटिकल मैल. वैमानिकांचा ढोबळ हिशेब असा की दर 1,000 फूट उतरायला 3 नॉटिकल मैल. 36,000 फुटांवरून मुंबईला उतरायचं तर 108. निळ्या रेषेवर साताऱ्यापाशीच एक छोटा खालचा बाण काढा: मुंबईकडे जाणारं विमान साधारण इथे नाक खाली करतं. मिरजेवर बाण नको, तिथे ते अजून सपाटच चाललेलं असतं.